जाणाऱ्याकडून अनामत घ्या : अल्बर्टाच्या ऊर्जा नियामकाला खुलं पत्र

प्रति,
संचालक मंडळ आणि मुख्य कार्यकारी अधिकारी,
अल्बर्टा एनर्जी रेग्युलेटर, कॅलगरी

महोदय,

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाला पाठवली आहे. मराठीत लिहितोय ते कॅलगरी, एडमंटन आणि फोर्ट मॅकमरीतल्या आपल्या लोकांसाठी. त्यांतल्या बऱ्याच जणांचं घर तेलावर चालतं, काहींचे निवृत्तीचे पैसे याच कंपन्यांच्या शेअरमध्ये आहेत. एखादी परदेशी कंपनी आपला हिस्सा विकून निघाली की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभिनंदनाचे संदेश फिरतात : चला, आता सगळं कॅनडाचं झालं! तुमच्या कार्यालयातही साधारण हाच सूर दिसतो, म्हणून हे जाहीरपणे लिहावं लागतंय.

मी चेंबूरचा. माहुलच्या रिफायनऱ्यांचा वास नाकात घेऊनच मोठा झालो. सध्या फोर्ट मॅकमरीच्या उत्तरेला एका ऑइल सँड्स खाणीवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. घराचे हप्ते, मुलीची शाळा, गावी आईला पाठवायचे पैसे, सगळं या डांबरट वाळूतून निघतं. तेव्हा मला तेलाचा शत्रू समजू नका. ही खाण उद्या बंद पडावी असं मला मुळीच वाटत नाही. ती बंद पडेल त्या दिवशी तिची साफसफाई करायला पैसे कुठून येणार, एवढंच विचारायचं आहे.

निमित्त ताजं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेव्हरॉननं अथाबास्का ऑइल सँड्स प्रोजेक्टमधला आपला २० टक्के हिस्सा आणि डुव्हर्ने या तेल-वायूच्या पट्ट्यातला ७० टक्के हिस्सा कॅनेडियन नॅचरल रिसोर्सेसला ६.५ अब्ज अमेरिकन डॉलरला विकायचा करार केला. वर्ष सरायच्या आत व्यवहार पूर्ण झाला. त्याच प्रकल्पातला शेलचा उरलेला १० टक्के खाणहिस्साही पुढे अदलाबदलीत याच कंपनीकडे आला. मस्केग रिव्हर आणि जॅकपाइन या दोन्ही खाणींना आता एकच मालक आहे.

ही रांग जुनीच आहे. २०१६ च्या डिसेंबरात नॉर्वेची स्टॅटऑइल निघाली. तिचा प्रकल्प अथाबास्का ऑइल या कॅलगरीच्या कंपनीनं घेतला. २०१७ चा मार्च तर निरोपसमारंभाचाच महिना होता. आधी शेलनं ऑइल सँड्समधला बहुतेक हिस्सा सुमारे ७.२५ अब्ज अमेरिकन डॉलरला सोडला, त्याच व्यवहारात मॅरेथॉन ऑइलही बाहेर पडली, आणि महिना संपता संपता कोनोकोफिलिप्सनं फॉस्टर क्रीक, ख्रिस्तिना लेकमधला अर्धा वाटा आणि डीप बेसिनचे नैसर्गिक वायूचे पट्टे सेनोव्हसला १७.७ अब्ज कॅनेडियन डॉलरला दिले. २०१९ मध्ये डेव्हन, २०२२ मध्ये सनराइजमधून बीपी, २०२३ मध्ये फोर्ट हिल्समधून टोटलएनर्जीज. घेणारी नावं फिरून फिरून तीच : कॅनेडियन नॅचरल, सेनोव्हस, सनकोर.

ते का गेले याबद्दल माझी तक्रार नाही. २०१४ पर्यंत पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली आला. वाळू खणायची, गरम पाण्यात घुसळायची, डांबर वेगळं करायचं, मग त्याचं तेल करायचं, हा खर्च असल्या भावात कुणालाच परवडत नाही. पाइपलाइनचा पत्ता नव्हता. भागधारक कार्बनचा हिशेब मागत होते. नॉर्वेचा सरकारी पेन्शन फंड तर २०२० मध्ये कॅनेडियन नॅचरल, सनकोर, सेनोव्हस आणि इम्पीरियल या चारही कंपन्यांतून बाहेर पडला. (नॉर्वेचं स्वतःचं तेल काढणं मात्र चालूच आहे. असो.) धंदा आहे, ज्याला जायचं त्यानं जावं. विकणाऱ्यांच्या ताळेबंदातून कार्बन गेला आणि तो दुसऱ्याच्या ताळेबंदात बसला, हवेत काही फरक पडला नाही, हाही वाद मी आज बाजूला ठेवतो.

माझी तक्रार तुमच्याशी आहे. यातल्या खाणींच्या व्यवहारांत टेबलावर अब्जावधी डॉलर होते. त्याच टेबलाखाली टेलिंग्जची तळी होती. पैसे देशाबाहेर गेले, तळी राहिली, आणि खाण मालक बदलत असताना तुम्ही जाणाऱ्याकडून साफसफाईपोटी काही ठेवून घेतलं नाही.

तळं म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. वाळूतून डांबर काढल्यावर उरतं ते पाणी, चिकणमाती आणि उरलेलं तेल बांध घालून साठवतात. वाळू लगेच खाली बसते. चिकणमातीचे बारीक कण बसत नाहीत, दह्यासारखे थिजून दशकानुदशकं तसेच तरंगतात. त्या पाण्यात नॅफ्थेनिक आम्लं असतात, माशांना ती सोसत नाहीत. बांध इतके लांब की पिकअप ट्रक घेऊन पाइपलाइनवरचे मीटर तपासत गेलं तर सकाळची पाळी त्यातच जाते. वसंतात पक्षी उत्तरेकडे निघाले की प्रोपेनच्या तोफा दिवसरात्र धडाडतात, पाण्यावर पिंपं तरंगत ठेवून त्यांच्यावर नारिंगी कपड्यातली बुजगावणी उभी केलेली असतात. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर एप्रिल २००८ मध्ये सिंक्रूडच्या ऑरोरा तळ्यावर बदकांचा थवा उतरला आणि १,६०० हून जास्त बदकं मेली. कंपनीला २०१० मध्ये ३० लाख डॉलर भरावे लागले. अशा सगळ्या तळ्यांत मिळून आज सुमारे १ लाख ४० हजार कोटी लिटर द्रव साठलेला आहे.

आमच्या साइटवर मालक बदलला तो दिवस मला चांगला आठवतो. गेटवरचा बोर्ड रात्रीतून बदलला होता. सकाळच्या सेफ्टी मीटिंगला सुपरवायझरनं प्रत्येकाला नवा स्टिकर दिला, आम्ही हेल्मेटवरचा जुना स्टिकर चावीनं खरवडून नवा लावला. बक्षीस म्हणून कॉफीचा मग मिळाला. मी एकदा सहज विचारलं, तळं पण यांचंच का आता? सुपरवायझर म्हणाला, "सगळंच यांचं." प्रश्न तिथंच संपला. तुमच्याकडूनही यापेक्षा लांब उत्तर मला आजवर मिळालेलं नाही.

आता तक्रारी एकेक करून.

पहिली आणि सगळ्यात मोठी, अनामतीची. तुमच्या माइन फायनान्शियल सिक्युरिटी प्रोग्रॅमनुसार खाणीच्या साफसफाईसाठी कंपन्यांनी पैसे ठेवायचे असतात. पण नियमाची गंमत अशी की कंपनीची मालमत्ता तिच्या देण्याच्या तिप्पट असली तर जास्तीची अनामत मागायचीच नाही, आणि मालमत्तेत धरायचं काय, तर जमिनीखालचं न काढलेलं तेल. १५ वर्षांपेक्षा जास्त पुरेल इतका साठा शिल्लक असेपर्यंत खरी वसुली सुरू होत नाही. पूर्ण रक्कम हातात यायला हवी ती सहा वर्षांचं तेल उरेल तेव्हा. म्हणजे खाण म्हातारी झाली, तेल संपत आलं, नफा आटला, की मग तुम्ही पैसे मागायला जाणार. पुण्यात दोन खोल्या भाड्यानं घ्यायच्या तरी घरमालक चावी देण्याआधी डिपॉझिट घेतो. भाडेकरू सामान बांधायला लागल्यावर कुणी डिपॉझिट मागत नाही.

हे काही मी नव्यानं शोधलेलं नाही. प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी जुलै २०१५ मध्येच लिहून ठेवलंय की २०१४ अखेर २०.८ अब्ज डॉलरच्या देण्यापोटी तुमच्याकडे १.५७ अब्ज डॉलर होते. शंभरातले साडेसात. भाव घसरले तर जमिनीखालच्या तेलाची किंमतही घसरते, हे तुमच्या सूत्रात नीट धरलेलं नाही, असंही त्यांनी सांगितलं. त्यानंतर २०१८ मध्ये तुमच्याच एका अधिकाऱ्याच्या सादरीकरणातला आकडा बाहेर आला : संपूर्ण तेल-वायू उद्योगाची साफसफाई, २६० अब्ज डॉलर. तुम्ही म्हणालात, तो सर्वांत वाईट परिस्थितीचा काल्पनिक अंदाज होता. ठीक, निम्मा धरू. निम्म्याचे तरी पैसे कुठे आहेत?

लेखापरीक्षकांचा तो अहवाल आला तेव्हा मी वर सांगितलेली रांग लागायची होती. म्हणजे इशारा हातात असताना तुम्ही एकेक पाहुणा दारापर्यंत पोहोचवलात.

दुसरी तक्रार जोखमीबद्दल. यावर तुमचं ठरलेलं उत्तर मला ठाऊक आहे : देणं मालमत्तेबरोबर जातं, आणि घेणारी कंपनी भक्कम आहे. आज आहे, मान्य. शेल, शेव्हरॉन, टोटल यांचे धंदे मात्र जगभर पसरलेले होते. अल्बर्टात तोटा झाला तर दुसरीकडच्या नफ्यातून भरून निघायचा. आता ज्या दोन-तीन कंपन्यांच्या हातात सगळं एकवटलंय त्यांचा बहुतेक पैसा एकाच प्रांतातल्या एकाच मालावर उभा आहे. माल त्याच पाइपलाइनमधून जातो, भावही सगळ्यांना तोच मिळतो. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकन तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर गेला तेव्हा इथल्या एकाही कंपनीला आडोसा नव्हता. कंपनी देशी झाली म्हणून भाव देशी होत नाही. पुढची मंदी आली तर एक कंपनी अडचणीत आणि बाकीच्या सावरायला उभ्या, असं होणार नाही. सगळ्या एकाच वेळी अडकतील, आणि मग राहतं कोण? प्रांताची तिजोरी, म्हणजे मी आणि माझे शेजारी.

तिजोरीची सवय या राज्यकर्त्यांना आधीच लागलेली आहे. ह्यूस्टनच्या किंडर मॉर्गननं ट्रान्स माउंटन पाइपलाइनचा नाद सोडला तेव्हा केंद्र सरकारनं २०१८ मध्ये ती ४.५ अब्ज डॉलरला विकत घेतली. रुंदीकरण होऊन मे २०२४ मध्ये तेल वाहू लागेपर्यंत खर्च सुमारे ३४ अब्जांवर गेला. पाइपलाइन हवी होती, मलाही हवी होती. पण बिल कुणाच्या नावानं फाटलं ते बघा. सोडून दिलेल्या विहिरी बुजवायला २०२० मध्ये केंद्रानं एकट्या अल्बर्टाला १ अब्ज डॉलरपर्यंत दिले, तेही करदात्यांचेच.

तिसरी तक्रार खालच्या अंगाच्या गावांची. माझ्या नळाला येणारं अथाबास्काचं पाणी खाणींच्या वरच्या अंगाचं आहे. ती नदी पुढे खाणींमधून वाहत फोर्ट मॅकेला आणि तिथून फोर्ट चिपेवायनला जाते. फोर्ट चिपेवायनला बारमाही रस्तासुद्धा नाही. हिवाळ्यात बर्फावरून, नाहीतर होडीनं किंवा विमानानं जायचं. मे २०२२ मध्ये कर्ल खाणीतून टेलिंग्जचं पाणी झिरपताना दिसलं. त्या गावांना त्याचं खरं स्वरूप कळलं फेब्रुवारी २०२३ मध्ये, तेही तिथेच ५३ लाख लिटरची दुसरी गळती झाल्यावर तुम्ही आदेश काढलात म्हणून. मधले नऊ महिने ती माणसं तिथली मासळी खात होती, शिकार करत होती. तुमच्या तेव्हाच्या प्रमुखांनी ओटावात संसदीय समितीपुढे माफी मागितली. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीला दंड झाला ५० हजार डॉलर. माझ्या साइटवर एका जड डंपरचं एक टायर याच्या आसपास येतं.

कर्लचा मालक बदललेला नाही, तिथं अजूनही एक्सॉनमोबिलच्या ताब्यातली इम्पीरियलच आहे. तरीही हे इथं मांडतोय, कारण मालक तोच असताना नऊ महिने लागले. मालक बदलल्यावर जुनी गळती कुणाची, नवी कुणाची, हे ठरवायला किती लागतील?

चौथी, कामगारांची. थोडक्यात सांगतो, कारण यातलं बरंचसं तुमच्या अखत्यारीत येत नाही. दोन कंपन्यांची एक झाली की एका कामाची दोन माणसं उरतात. आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर आलेल्यांना आधी घरी पाठवलं. ज्यांना जुन्या बांधांची, जुन्या पाइपांची, कुठल्या विहिरीतला सेन्सर खोटं बोलतो याची खबर होती, त्यातले बरेच त्यात गेले. ही माहिती कुठल्याच विक्री करारात लिहिलेली नसते. सुरक्षेचं काम म्हणून तरी याकडे बघा.

तुम्हाला नाही म्हणता येत नाही, असंही नाही. २०१९ मध्ये शेलनं वॉटरटन, जंपिंग पाउंड आणि कॅरोलिन इथले वायूप्रकल्प पिरिडे एनर्जी या कॅलगरीच्या छोट्या कंपनीला १९ कोटी डॉलरला द्यायचं ठरवलं. साफसफाईची जबाबदारी दोघांत वाटून घेण्याचा त्यांचा बेत होता. मे २०२० मध्ये तुम्ही परवाने हस्तांतरित करायला नकार दिलात, अशी वाटणी नियमात बसत नाही म्हणालात. त्या दिवशी मला तुमचं कौतुक वाटलं होतं. त्याच्या आधी, ३१ जानेवारी २०१९ ला, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं रेडवॉटर या बुडालेल्या तेल कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की कंपनी दिवाळखोर झाली तरी सावकारांच्या आधी साफसफाईचं देणं. कायदा तुमच्या बाजूनं आहे. पण सावकाराच्या आधी नंबर लागून उपयोग काय, तिजोरीत काही उरलेलंच नसेल तर?

भारतातल्या वाचकांना हे परकं वाटू नये. भोपाळच्या कारखान्यातला आपला हिस्सा युनियन कार्बाइडनं १९९४ मध्ये मॅक्लिओड रसेल या भारतीय कंपनीला विकला. कारखाना देशी झाला. तिथला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला न्यायला जानेवारी २०२५ उजाडावा लागला, आणि तो जाळला सरकारी देखरेखीखाली, सरकारी पैशानं. तिथं माणसं मेली होती, इथं तसं झालेलं नाही, तुलना तेवढ्यापुरतीच. विकणारा निघाला, घेणाऱ्याचं नाव बदललं, कचरा जागेवर राहिला, हा भाग मात्र तोच.

माझ्या मागण्या या आहेत.

१. ऑइल सँड्स खाणीचा हिस्सा विकला जाईल तेव्हा विक्रीच्या रकमेतला ठरावीक भाग साफसफाईची अनामत म्हणून तुमच्याकडे जमा झाल्याशिवाय हस्तांतरणाला मंजुरी देऊ नका. किती टक्के, यावर बसून बोलू. शून्य चालणार नाही.

२. जमिनीखालचं तेल अनामतीच्या हिशेबात मालमत्ता म्हणून धरणं बंद करा. १५ वर्षांची अट काढून टाका, वसुली आजपासून दरवर्षी थोडी थोडी सुरू करा. भाव चांगला असतो तेव्हा या कंपन्या भागधारकांना लाभांश देतात, स्वतःचे शेअर परत विकत घेतात. त्याच रांगेत, त्यांच्या आधी, तळ्याचा नंबर लावा.

३. विकणाऱ्या कंपनीच्या काळात साठलेल्या टेलिंग्जची जबाबदारी, घेणारा बुडाला तर, परत विकणाऱ्याकडे जाईल अशी अट परवान्यात घाला. यासाठी कायदा बदलावा लागत असेल तर ऊर्जामंत्र्यांना तसं लेखी कळवा आणि ते पत्र जाहीर करा.

४. प्रत्येक खाणीचं साफसफाईचं देणं, जमा अनामत आणि तळ्यांतला साठा, खाणीनिहाय, विक्रीच्या आधी प्रसिद्ध करा. सगळ्या खाणींची एकच गोळाबेरीज देऊ नका.

५. अथाबास्का चिपेवायन, मिकिसू क्री आणि फोर्ट मॅके या फर्स्ट नेशन्सना (इथल्या मूळनिवासी समाजांना) हस्तांतरणाच्या सुनावणीत बसायचा हक्क द्या, आणि गळती दिसली की २४ तासांत त्यांना कळवणं सक्तीचं करा.

यातली एकही मागणी खाण बंद करा असं म्हणत नाही. पहिल्या दोन मागण्यांनी खाणींच्या किमती थोड्या उतरतील, माझ्या ओळखीच्या काही जणांच्या शेअरचा भावही उतरेल, आणि ते मला ग्रुपवर चार शब्द सुनावतील. उतरू देत. तळं हिशेबात धरलं की जी किंमत निघते, तीच या खाणीची खरी किंमत आहे.

मी नाव लिहीत नाही, कारण उद्या मला त्याच गेटमधून आत जायचं आहे. तुमच्याकडे पाठवलेल्या प्रतीवर नाव आणि पत्ता दोन्ही आहेत, तेव्हा निनावी पत्र म्हणून ते बाजूला टाकता येणार नाही. पाचही मुद्द्यांवर वेगवेगळं, लेखी उत्तर हवं आहे. ते आलं की मराठीत करून इथंच टाकेन, आणि नाही आलं तर तेही इथंच लिहीन.

आपला,
फोर्ट मॅकमरीतला एक इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन